भुशातला बर्फ

माय, मोठीमाय गेली. वडशाच्या बाजारात तुझ्या माशांच्या डालकीला डालकी लावून बसायची, तू गेल्यावर मला जेवू घातलं, ती तुझी जोडीदारीण. उद्या तिचा दहावा. तापानं गेली असं सगळे म्हणतात. मला तसं म्हणवत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, हा बहाणा होताच.

इथे कोरोनाची साथ आहे. तुझ्या वेळी हिवताप असायचा, गोळ्या खाऊन माणूस उठायचा. हा रोग श्वासच धरतो. मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. लोकांच्या नाकात-घशात काडी फिरवून नमुना घ्यायचा आणि जिल्ह्याच्या लॅबला पाठवायचा, हे माझं काम. इथल्या इथे तपासायच्या किट केव्हाच संपल्या. आणि रिपोर्ट हाती नसेल तर मोठ्या दवाखान्यात खाट मिळत नाही. माणूस दारात धापा टाकतोय आणि आतून विचारतात, रिपोर्ट कुठे आहे? नमुना थंड राहिला तरच तपासता येतो, आणि आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुला काय सांगू! जीप आमच्याकडून सकाळी निघते, वाटेतल्या पाच गावांना थांबते, प्रत्येक ठिकाणी तोच एक डबा उघडायचा, नव्या नळ्या ठेवायच्या, बंद करायचा. जिल्ह्याला पोचेपर्यंत बर्फाचं कोमट पाणी. मग लॅबचा निरोप येतो, नमुने खराब, पुन्हा पाठवा. जंगलातून चालत आलेला माणूस पुन्हा कसा पाठवायचा, ते कोणी सांगत नाही.

मी सातवीत असेन. तू तलावावरून आणलेले मासे डालकीत रचते आहेस. राइस मिलमागून आणलेला धानाचा भुसा चार बोटं पसरतेस, त्यावर गोणपाट, मग बर्फ, मग मासे, पुन्हा बर्फ, पुन्हा गोणपाट, वरून भुसा असा दाबतेस की बोट शिरू नये. बाजारात पोचल्यावर मी मरळ जिवंत आहे का बघायला कोपरा उचलला आणि तू माझ्या हातावर फटका मारलास. "काऊन उघडली? बर्फ उनानं नाई मरत पोरी, पाहून पाहून मरते." मी रडले ते फटक्यानं नाही. समोर माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या, आणि मी तुझी आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यानंतर मी बाजारात आले नाही. तूही कधी बोलावलं नाहीस.

म्हणजे मला माहीत होतं, माय. पहिला निरोप आला त्याच दिवशी मला कळलं की डबा उघडून उघडून मरतोय. तालुक्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, कोणाला काही सुचतं का? माझ्या जिभेवर होतं: दर गावाला वेगळा डबा द्या, भुशात दाबा, लॅबपर्यंत कोणी हात लावू नका. पण लगेच कोणीतरी विचारलं असतं, मॅडम, हे तुम्हाला कसं ठाऊक? आणि मला डालकी सांगावी लागली असती. मी वहीत मान घातली. दोन बैठका मी तशीच बसले.

त्या दोन बैठकांच्या मधे मोठीमाय आली. श्वास लागला होता, तरी स्वतः चालत आली. मी नमुना घेतला. तो खराब झाला. चार दिवसांनी तिला पुन्हा बोलावलं तर ओट्यावर बसून म्हणाली, "नाकात काडी घालून घालून काय काढून राह्यली वो? मागचा रिपोट कुठी हाय?" मी म्हटलं, मोठीमाय, तो वाटेत बिघडला. ती हसली. "बर्फ उघडला असंन कोनं. तुह्या मायनं शिकवलं नाई का तुले?" तिथे शिपाई होता, नर्स होती. मी म्हणाले, तोंड उघडा, आ करा. मी तिला अहो-जाहो केलं, माय. त्या नर्ससमोर. तिनं तोंड उघडलं. तोही नमुना खराब झाला, आणि तिसऱ्यांदा बोलवायला माणूस गेला तेव्हा तिच्या अंगणात लोक जमले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मिलमागून पोती भरून भुसा आणला. सहा थर्मोकोलचे डबे, सहा गावं, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि लाल अक्षरांत 'उघडू नये'. साहेबांनी करून बघा म्हटलं. सगळेच्या सगळे नमुने चांगले निघाले. आता लोकांच्या हातात रिपोर्ट पडतात, काहींना खाट मिळते. हे आधी झालं असतं तर, हा विचार मी दिवसभर करते.

कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला पांढरा एप्रन आणला होतास. कागदात गुंडाळलेला, अंगापासून लांब धरलेला. म्हणालीस, "तूच उघड, माह्या हाताले वास हाय." मी उघडला. नाही गं, वास नाही, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. वर्षाच्या आत तू गेलीस.

काल जिल्ह्याच्या लॅबमधून डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमचे डबे एकदम थंड येऊन राह्यले. हे भुशाचं कुठी शिकले?" खोलीत मी एकटीच होते, लाजायला समोर कोणीही नव्हतं. तरी तोंडून निघालं, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, सर.

हा कागद तुला पाठवायचा कुठे? मोठीमाय असती तरी तिला वाचायला देता आला नसता, तिलाही अक्षर येत नव्हतं. एप्रनच्या खिशात ठेवते. साथीमुळे आम्ही दिवसातून पन्नास वेळा हात धुतो, माय. मी साथीच्या आधीही धुवायची.