ज्याला घ्यायचं असेल तोच खोडी काढतो

सिरसाळा, फाल्गुन, फसली १३२४

रा. रा. अर्जुनराव मेहुणे यांस बिभीषणाचा रामराम. छबुबाईवहिनींची कंबर आता कशी आहे? इकडे तुमच्या बहिणीसह सगळे खुशाल. मी शाळेत जातो.

हसू नका. सरकारनं इथं वय झालेल्या व्यापाऱ्यांसाठी वर्ग काढलाय. उत्तरेश्वर मास्तर चोवीस वर्षांचे, आम्ही अकराजण गुरांचे व्यापारी, त्यात सगळ्यांत धाकटा मी, सत्तेचाळीसचा. मांडी घालून पायाला मुंग्या येतात, आणि (बैल विकण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना) मास्तर सांगतात, गिऱ्हाइकाशी गोड बोलावं. आमच्यातले तात्याबा म्हणाले, "लई गोड बोललं की गिऱ्हाईक बैलाचे खूर तपासतंय, मास्तर."

गेल्या बुधवारी वर्ग ठेवायचा की मोडायचा हे ठरवायला हैदराबादेहून साहेब आले. मास्तरांना बाहेर बसवून त्यांनी विचारलं, तुम्ही इथं समाधानी आहात का? आता मेहुणे, तुम्ही कचेरीतली माणसं, म्हणून फोड करून सांगतो. बाजारात जनावराला 'वा' म्हणणारा कधी घेत नसतो. ज्याला खरंच घ्यायचंय तो खोडी काढतो, शिंग वाकडं, चाल मंद. मालकही त्यावरूनच ओळखतो. तेव्हा आम्ही अकराजणांनी जीव तोडून खोडी काढल्या. फळा पांढरा पडलाय, मास्तरांचा आवाज बारीक आहे. तात्याबा म्हणाले, "वरीस वाया गेलं." (म्हणजे अजून दोन पाहिजेत.) मी तर म्हणालो, "आसला मास्तर फुकट दिला तरी आमी नेणार न्हाई." साहेबांनी सगळं लिहून घेतलं. आम्ही खूश, सौदा जमला! बाजारात माणूस चार पावलं जाऊन परत येतो. साहेब टांग्यात बसले ते आलेच नाहीत.

काल कागद आला. विद्यार्थी नाराज, सबब अमावास्येपासून वर्ग बंद. मास्तरांनी तो वाचला, घडी घातली आणि शिकवायला लागले. मला फार वाईट वाटलं. बाकी ठीक.

आपला,
बिभीषण

ता. क. हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. वर्षामागं मी बाजारपावतीवर अंगठा लावत होतो.

आणखी ता. क. तुम्हाला उर्दू येते. साहेबांना आमच्या वतीनं अर्ज लिहा की खोडी काढल्या त्या मास्तर आम्हाला हवेत म्हणूनच. विश्वास बसला नाही तर स्वतःची साक्ष द्या. तुमच्या बहिणीला बघायला आलो तेव्हा मी भर बैठकीत पाच खोडी काढल्या होत्या. तुम्ही काठी उचललीत, पण तुमच्या आबांना व्यवहार कळत होता, त्यांनी हसून सुपारी फोडली. सव्वीस वर्षं झाली, त्या पाचांतली एकही खरी निघाली नाही. हे तिला कळवू नका, भाव वाढेल.