वणवा चाचांच्या नावावर

आबा,

इथं शहरात, शहागंजातल्या खोलीवर बसून लिहितोय. आपलं फर्दापूर सोडून आठ दिवस झाले. मधे क्रांती चौकात एका दुकानात काम विचारून आलो, पण ते राहू द्या. यंदा आपला डोंगर लई पेटला. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं, अन् होळीपासूनच ऊन असं की सगळं पापडासारखं वाळलं. कुणी नवं गवत फुटावं म्हणून उतार पेटवतो, कुणी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतो. दोन दिवसाआड धूर. तुम्ही वनमजूर होता तेव्हा उन्हाळ्याआधी गवत कापून मोकळे पट्टे काढायचे, आग पुढं जाऊ नये म्हणून; त्यालाच रेघ म्हणायचे. एकदा घरचा बांध जाळायला मी काडी ओढली, तर तुम्ही मनगट धरलं. "आधी रेघ, मग काडी. अन् वारं पडल्याबिगर काडी नाय."

शहराला निघायच्या दिवशी आईनं बांध साफ करायला सांगितलं. भर दुपार, मला चारची एसटी गाठायची होती. रेघ ओढलीच नाय. काडी लावली, फोन आला, बोलत बोलत विहिरीपर्यंत गेलो. वळून बघतो तर आग बांध सोडून चढावर लागलेली. मग सारं गाव हिरव्या फांद्यांनी आग झोडपतंय, अन् मी सगळ्यांत पुढं. तुमच्यासोबत जन्मभर वणवे विझवलेले शेजारचे चाचा वर शेळ्या चारत होते. त्यांची दोन करडं आगीत वरच राहिली.

एसटी तर हुकलीच. संध्याकाळी पारावर कुणीतरी म्हणालं, "चाचा, बिडी तुमचीच असंल."

"अरे बाबा, बिडी सोडून साल झालं."

"मग शेळीनं ओढली काय?"

लोक हसले. चाचा माझ्याकडं वळले. "बेटा, तू खालीच होता ना? सांग यांना, आग खालून आली का नाय."

मी म्हणालो, "फोनवर होतो, चाचा. ध्यान नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसांनी चाचांना बोलावून घेतलं. डोंगरावर शेळ्या न्यायच्या नाहीत म्हणून बजावलं. खाली चारा कुठाय? काल आई फोनवर म्हणाली, चाचा शेळ्या बाजारात विकायला काढतायत. मी तिला विचारलं, तिकडं ऊन कसंय.

खरं सांगू का आबा, हे पत्र चाचांना लिहायला घेतलं होतं. त्यांचं नाव खोडून वर तुमचं घातलं, कारण तुम्ही मसणातून उठून कुणाला सांगायला जाणार नाय.