बरणीवरची तबकडी

शुक्रवार, २९ ऑक्टोबर १९५४

सापडली! आणि कुठे – तर लोणच्याच्या बरणीवर!

काल भाऊबीज. मामेभावाला, रघूला ओवाळायला कल्याणला गेले होते. पानं मांडताना मामीने कैरीच्या लोणच्याची बरणी काढली. तोंडाला दादरा बांधलेला आणि त्यावर एक काळं गोल झाकण. मी सहज उचललं, तर बोटांना चर लागले. तबकडी! जुनी, अगदी सुरुवातीच्या काळातली – गाणं एकाच बाजूला, दुसरी बाजू सपाट. मधला कागद केव्हाच गळून गेलेला. मी ओरडलेच.

मामी म्हणाली, "अगं, ती होय? तुझ्या मामांची सगुणा कल्याणकरीण. बरणीवर नेमकी बसते म्हणून ठेवली."

सगुणाबाई कल्याणकर! त्यांच्या बैठकीच्या लावणीसाठी मुंबईहून माणसं कल्याणला यायची म्हणे. पण त्यांची एकही तबकडी कुणी पाहिलेली नाही. ठाण्याच्या आमच्या तबकडी मंडळात हा विषय निघाला की सगळे उसासे टाकतात. आणि इथे ती दर वर्षी कैरीचा खार पीत बसली होती!

मामी आधी सोडेना. "मग बरणीवर झाकू काय?" शेवटी स्टीलची ताटली आणून देण्याच्या बोलीवर सुटका झाली. डोंबिवलीच्या घरापर्यंत मांडीवर घेऊन आले. यांना हातही लावू दिला नाही.

रविवार, ३१ ऑक्टोबर

जळफळाट. नुसता जळफळाट!

नीट लिहिते. आमचं मंडळ रविवारी दुपारी नौपाड्यात हरिहरपंतांच्या घरी भरतं. पंत पोस्टातून निवृत्त झालेले, पासष्टीचे. ग्रामोफोन त्यांचा, निम्म्याहून अधिक तबकड्या त्यांच्या, सुई ठेवायचा आणि उचलायचा मान त्यांचा. पद्धत अशी की नाव झाकून तबकडी लावायची आणि गाणारा बाकीच्यांनी ओळखायचा. पंत तीन-चार सुरांत ओळखतात. डिसेंबरात आम्ही शाळेच्या सभागृहात गावासाठी बैठक करतो. तिथे पहिली तबकडी कुणाची लागते याला मोठा मान! ती नेहमी पंतांच्या पेटीतलीच असते. यंदा माझी लागणार, असं मी यांना वाटेत सांगून टाकलं होतं.

तबकडी लागली. काय तो आवाज! बारीक, धारदार, वर वर चढतच जाणारा. ताना अशा घेतल्या की बाईला श्वास घ्यायची गरजच नसावी. मी पंतांकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले होते.

मग बरणीच्या तोंडाएवढं वर्तुळ आलं. तिथे वर्षानुवर्षांचं तेल, हळद आणि धूळ बसून चर बुजलेले. सुई अडकली. खर्र खर्र खर्र. पंतांनी ती अलगद उचलली.

म्हणाले, "गाणं अव्वल आहे. पण ही सगुणा नव्हे. अठराव्या वर्षी मी कल्याणला तिच्या पुढ्यात बसून ऐकलंय. तिच्या आवाजाला खाली वजन होतं. तानेत मध्येच थांबून दम घ्यायची – आणि ते थांबणंसुद्धा सुंदर वाटायचं. ही बाई वेगळी."

आमचे चिटणीस प्रभाकर लगेच म्हणाले, "झालं! पंतांचा कान म्हणजे शिक्कामोर्तब."

मी म्हटलं, "म्हणजे माझी मामी खोटं बोलते?"

"मामी कशाला खोटं बोलेल, वासंतीबाई? मामा बोलले असतील!" – प्रभाकरच. सगळे हसले. मामांच्या बाता कल्याणपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. हेसुद्धा हसले!

पंत तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "त्या काळी गाणं संपलं की गाणारा स्वतःचं नाव सांगायचा. तबकड्या छापायला विलायतेला जायच्या, तिथल्या लोकांना कोण कुठलं कळावं म्हणून. इथेही सांगितलं असेल. पण ते लोणच्यात गेलं."

पुन्हा हशा.

सोमवार, १ नोव्हेंबर

यांच्याशी बोलत नाही.

बुधवार, ३ नोव्हेंबर

वर्गात मुलींना पाढे म्हणायला लावले आणि माझं डोकं त्या वर्तुळात. नाव तिथे आहे! गेलेलं नाही, नुसतं झाकलं गेलंय. मळ निघाला की नाव निघेल. मामा होते तेव्हा फेकाफेक करायचे, मान्य. पण मला पहिली तबकडी त्यांनीच मांडीवर बसवून ऐकवली होती. त्यांच्यावर परक्याच्या दिवाणखान्यात दात काढलेले मी चालवून घेणार नाही.

काल संध्याकाळी हे म्हणाले, "स्पिरिट लावून बघ." (बोलणं सुरू झालंय.) बरं झालं, मी आधी प्रभाकरांना विचारलं. ते जवळजवळ किंचाळले. "स्पिरिट? लाखेची वस्तू आहे ती! विरघळेल! आणि पाणीसुद्धा लावू नका. पंत बोलत नाहीत, पण त्यांचाही जीव वर-खाली होतोय."

होऊ दे.

शनिवार, ६ नोव्हेंबर

रिठे! सुचलं कसं नाही? रेशमी शालूचं तेल रिठ्याने निघतं आणि काठाचा रंगही जात नाही. तर मग लाखेचं काय बिघडणार?

प्रभाकरांकडून एक फुटकी तबकडी मागून आणली. तिच्या तुकड्याला मुद्दाम लोणच्याचं तेल चोपडून दोन दिवस उन्हात ठेवणार. आधी तिच्यावर प्रयोग.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

तुकडा स्वच्छ! चर शाबूत!

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

आज खऱ्या तबकडीचं न्हाणं झालं. रिठ्याचं पाणी गार करून घेतलं, कारण गरम पाण्याने तबकडी वाकते. परातीत मऊ धोतराची घडी, तिच्यावर तबकडी. घासायला काय, हा प्रश्न होता. फडक्याचे धागे अडकतात. वेणीची फणी तर नकोच. शेवटी यांचा दाढीचा ब्रश घेतला. नवाच होता, दिवाळीला आणलेला.

चरांच्या वळणाने, गोल गोल, हलक्या हाताने. आडवा फटका एकदाही नाही. पाणी आधी पिवळं, मग तपकिरी. शेवटी एक मोहरी निघाली! आख्खी! मी हसत सुटले.

हे कामावरून आले, परातीत डोकावले. "अगं, तो माझा..." एवढंच म्हणाले. मग स्वतःहून पंचा धरून वारा घालायला लागले. गुणी आहेत.

आता नुसती काळीभोर चमकते आहे. आमच्याकडे ग्रामोफोन नाही. हे म्हणतात, "शेजारी कुणाकडे तरी लावून बघ आधी. तिथे काहीच निघालं नाही तर पुन्हा हसतील." नाही! निघेल ते सगळ्यांसमोर निघेल. हसायचं तर मलाच हसतील, मामांना नाही.

रविवार, १४ नोव्हेंबर

जिंकले! जिंकले! जिंकले!

पेन धरवत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पंतांनी तबकडी खिडकीशी नेऊन तिरपी धरली. बराच वेळ पाहिली. म्हणाले, "पाण्याने धुतली?" मी म्हटलं, "रिठ्याने." त्यांनी नवी सुई काढली. नवी सुई ते सहसा कुणाला काढत नाहीत.

गाणं सुरू झालं. ते वर्तुळ जवळ आलं. मी यांचा हात धरला होता – चारचौघांत! सुई वर्तुळात शिरली आणि थांबली नाही. थोडी खरखर, पण गाणं चालूच. शेवटची तान, समेवर आली, तबला थांबला. एक क्षण काहीच नाही.

आणि मग एक बाई, अगदी भोंग्याजवळ येऊन, ठणकावून बोलली – "सगुणा कल्याणकर!"

प्रभाकर खुर्चीतून उठलेच. हे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मामांची क्षमा मागा रे!" मी म्हटलं, "मागाच!" आणि प्रभाकरांनी खरंच हात जोडले. मग जो तो मला विचारतोय – रिठे किती, पाणी किती, ब्रश कसला. मी ठाण्यात एवढी कधी बोलले नव्हते.

पंतांनी तबकडी पुन्हा लावली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा फक्त शेवटचा तुकडा. म्हणाले, "नाव घेतलं ती सगुणाच. तोच आवाज, खालचा, जड. मग मीच चुकलो."

ठरलं! बैठकीत पहिली तबकडी माझी! सुईसुद्धा मीच ठेवायची!

सोमवार, १५ नोव्हेंबर

शाळेत सगळ्या बाईंना सांगून झालं. हेडबाईंना दोनदा.

रविवार, २१ नोव्हेंबर

कल्याणला मामीला ताटली दिली आणि हकिगत सांगितली. मामी पदराने डोळे पुसायला लागली. "एवढ्या वर्षांत त्यांचं कुणी पहिल्यांदा खरं मानलं गं." तिथून थेट नौपाडा.

आज पंत सुईला हात लावीनात. प्रभाकरांना म्हणाले, "तू लाव." एक सोपी तबकडी लागली, अगदी कुणीही ओळखावी अशी. सगळ्यांनी सवयीने पंतांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला नका विचारू. माझे कान गेले आता."

प्रभाकरांना वाटलं, थट्टा करताहेत. मलाही. मी म्हटलंसुद्धा, "पंत, एकदा चुकलं तर एवढं काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदा नाही हो. तिलाच ऐकून तर मी गाणं ऐकायला शिकलो. तिलाच ओळखलं नाही, तर बाकी आजवर काय ओळखलं, कुणास ठाऊक."

रुसलेत. मोठ्या माणसांना हरायची सवय नसते. मी का वाईट वाटून घ्यावं? मी लबाडी केलेली नाही. तबकडी बोलली, मी नाही.

रविवार, ५ डिसेंबर

पंतांनी ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी प्रभाकरांच्या घरी पोचती केली. मंडळाला भेट म्हणून. स्वतः आले नाहीत. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, घरात रेडिओसुद्धा लावू देत नाहीत.

आता मात्र घास गोड लागेना.

रविवार, १९ डिसेंबर

काय दिवस गेला!

सभागृह भरलं, माणसं दारात उभी. मी हिरवी नऊवारी नेसले होते. मामी पहिल्या रांगेत, रघूच्या शेजारी, सासरच्या मांडवात बसल्यासारखी ताठ. प्रभाकरांनी मामांचं नाव घेऊन त्यांना जाहीर नमस्कार केला. मग मी वर गेले, बरणीपासून रिठ्यापर्यंत सगळं सांगितलं. दाढीच्या ब्रशाला सर्वांत मोठा हशा मिळाला, आणि हे अभिमानाने उभे राहिले!

सुई ठेवली. गाणं संपून नाव आलं तेव्हा जो कडकडाट झाला, तो मामांना ऐकू गेला असणार. दोनदा पुन्हा लावायला लागली. एक म्हातारे गृहस्थ पुढे येऊन तबकडीच्या पाया पडले.

पंत आले नव्हते. मी दाराकडे किती वेळा पाहिलं, ते फक्त यांना माहीत.

निघताना कल्याणच्या एक बाई भेटल्या. "सगुणाबाई? आहेत की! आमच्याच आळीत राहतात. थकल्यात, पण कान शाबूत आहेत. त्यांना ऐकवलीत का?"

जिवंत आहेत! आणि कुणीच चौकशी केली नाही! प्रभाकरांचा स्वतःचा, हातात नेता येणारा पेटीचा ग्रामोफोन मागून ठेवलाय. नाताळच्या सुट्टीत जाणार. त्यांना त्यांचाच आवाज परत नेऊन देणार!

शनिवार, २५ डिसेंबर

कल्याणहून आत्ताच आले. लुगडंही बदललेलं नाही.

सगुणाबाईंनी तबकडी शेवटपर्यंत ऐकली. नाव आलं तशा खुदकन हसल्या. म्हणाल्या, "नाव तेवढं माझं गं. गायली ती कलावती – माझी धाकटी बहीण. त्या दिवशी माझा घसा पार बसला होता. मुंबईत साहेब गाणं कोरून घ्यायचं मेण घेऊन तयार, तो थांबेना. करार माझ्या नावाचा. म्हणून ती गायली आणि शेवटी मी पुढे होऊन नाव सांगितलं. कलावती तर गेली. तिच्या नावाची एकसुद्धा तबकडी नाही."

मग त्यांनी विचारलं, "इतक्या लोकांनी ऐकलं म्हणतेस. कुणाच्या लक्षात आलं का गं?"

मी म्हटलं, "एका माणसाच्या."

बाई सावरून बसल्या. म्हणाल्या, "त्याला घेऊन ये."