लहान इंजिनाचा विमा

ता. ३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे मी ठीक. फोनवर तू कायम घाईत असतोस, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतची शाळा आहे माझी.

तू गाडी घेतोयस असं कळलं. बरं झालं. आई गेल्यापासून ऐकतेय, गाडी घेतली की येतो. आता काय सांगशील? घ्यायची तर सातजणांची, मोठ्या इंजिनाची घे. इथला चढ तुला माहीत आहे. मी सीट कव्हरं शिवणारी बाई, इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण गिऱ्हाइकं बोलतात ते कानावर पडतं.

मागची खोली रिकामी केलीय. पोरांना सांग, आत्या भांडायला तयार आहे.

वाट बघून मान अवघडलेली,
अक्का


ता. १५ नोव्हेंबर

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. अक्षराला कुणी हसलं नाही, भांडणाच्या तयारीला मात्र पोरं पोट धरून हसली.

गाडी घेतली, पण लहान. मोठी बघितली होती. विम्याचा आकडा ऐकून तुझी भावजय खुर्चीतून उठलीच. इंजिन जितकं मोठं तितका विमा चढा. त्यात टर्बो असेल तर सुटे भाग महाग, म्हणून आणखी वर. चोरांची आवडती गाडी असली तर विमावाले तेही धरतात. आमची साध्या इंजिनाची, विमा जवळजवळ निम्मा. शिवाय वर्षात किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगितलं की सूट मिळते. आम्ही सगळ्यात कमी मर्यादा घेतली. ऑफिस आणि शाळा, आणखी कुठे जातो आम्ही?

यंदा तुझ्याकडे येणं जमेलसं वाटत नाही. चौघं आणि सामान, तो चढ या इंजिनाला झेपायचा नाही. पुढच्या वर्षी बघू. राग मानू नये, आणि लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

तुझा,
धाकटा


ता. २२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. राग मानला.

विम्याचं समजलं. भावजय हिशेबी आहे, तिनं बरोबरच केलं. तिला काही बोलू नकोस. पण आणखी कुठे जातो आम्ही, हे तू लिहिलंस. किलोमीटर सांगताना इथली एक फेरी धरावी असं तुला सुचलं नाही. विमावाल्यांनी चोरसुद्धा धरले, तू मला धरलं नाहीस.

दिवसभर दारात गाड्या असतात, माणसं असतात. कव्हर बसलं की जातात. संध्याकाळी मशीन थांबलं की घरात कसलाच आवाज नसतो. मग काम नसलं तरी मी ते कापडाशिवाय नुसतंच चालवते. हे पोरांना सांगू नकोस, हसतील.

काल एक टॅक्सीवाला आला होता, गाडी तुझ्यासारखीच लहान. त्याला खोदून विचारलं. म्हणाला, भरलेली असली तर चढावर धापा टाकते, एकटा असलो तर काही त्रास देत नाही. किलोमीटरची मर्यादाही वाढवून मिळते म्हणे.

तेव्हा पुढचं वर्ष राहू दे. पोरांची शाळा बुडवू नकोस, सामान आणू नकोस. एकटाच ये.

लोभ ठेव असं लिहीत नाही. असला तर निघ.

अक्का