जाळीत गेलेलं फूल

आबा, काल दुपारी इंडोनेशियाची ती बाई हरली. तुम्हाला ती ठाऊक असायचं कारण नाही, तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती खेळायला लागली. बॅडमिंटनमध्ये एक पुरुष आणि एक बाई अशी जोडी खेळते, त्या मिश्र दुहेरीत. गेली बारा-तेरा वर्षं मंचरच्या घरात खिडकीपाशी बसून, नातीनं लावून दिलेल्या मोबाइलवर, मी तिचा खेळ बघतोय. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती अठरा-एकोणीसची, आणि जोडीदार तिच्याहून बराच मोठा, नावाजलेला. चूक झाली की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. मग दोघं जिंकायला लागली, देशोदेशी गेली. पुढे तो निवृत्त झाला आणि तिच्या जोडीला एक कोवळा पोरगा आला. आता चूक झाली की तो तिच्या तोंडाकडे बघतो. मधे तिचा गुडघा दुखावला, वर्षभर ती दिसलीच नाही. मी रोज चौकशी करायचो, तेव्हा नात म्हणायची, "आजोबा, आपल्या पावण्यांतली हाय का वो ती?"

हे तिचं शेवटचं वर्ष. काल तिसरा गेम अगदी काठावर आलेला, समोरच्यांना एकच गुण हवा होता. शटल, ज्याला आम्ही शाळेत फूल म्हणायचो, तिच्यासमोर जाळीच्या वर अलगद आलं. नुसतं खाली दाबायचं होतं. तिनं ते जाळीत घातलं. लोक त्या पोराला नावं ठेवायला लागले, त्यानं तिला गोंधळात पाडलं म्हणाले. संध्याकाळी नातीनं तिचं बोलणं वाचून दाखवलं. फूल सोपं होतं, मी घाबरले, यात दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही, एवढंच ती बोलली होती. मी नातीला ते तीनदा वाचायला लावलं. मग उठून आत गेलो आणि हे लिहायला बसलो.

आपली मेंढरं तेव्हा बेल्ह्याच्या शिवारात खतासाठी बसवली होती. मी नववीत. खेळाचे सर नवे आणि हौशी, त्यांनी मिश्र जोडी काढली आणि मंचरच्या शाळेशी सामना ठरवला. जिंकेल ती जोडी पुण्याला जाणार होती. माझी जोडीदार गावातल्या बांगड्या विकणाऱ्या मण्यारांची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिला घरच्यांनी एवढंच एक वर्ष खेळायला दिलं होतं. पुण्याला जाऊन आले तर पुढं नको म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही, असं ती म्हणायची. सामन्याच्या सकाळी पेटी उघडली तर शाळेची जाळी उंदरांनी कुरतडलेली. जाळी नाही तर सामना मंचरला द्यावा लागेल, असं सर म्हणाले. तिचा चेहरा उतरला आणि मी बोलून गेलो, आमच्याकडं हाय जाळी.

ती आपली वाघर, रोज संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याभोवती खुंटांना ताणायची सुताची जाळी. दिवसा तिचं काय काम, असा माझा हिशेब. तुम्ही ती गुंडाळून माझ्या खांद्यावर दिलीत आणि बजावलंत, "दिस बुडायच्या आत आण. काल वढ्याला लांडगा दिसलाय." मी हो म्हटलं. शब्द देताना माझं लक्ष नेहमी दुसरीकडेच असायचं, तुम्हाला ठाऊक आहे.

मंचरची गाडी आळेफाट्याला पंक्चर झाली आणि ती जोडी आली तेव्हा उन्हं कलली होती. मैदानात खुंटांना ताणलेल्या वाघरीला मेंढरांचा वास. त्यांच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला, तर आमची म्हणाली, "वास जाळीला हाय बाई, फूल धुतलेलं हाय." सगळं मैदान हसलं. पण खेळ लांबला. एक गेम त्यांचा, एक आमचा. इतर जोड्यांत बाई जाळीशी असते, आमच्यात उलटं होतं. ती मागून सगळं उचलायची आणि मी, उंच म्हणून, पुढे उभा. तिसऱ्या गेमला सूर्य डोंगराला टेकला. सर नंतर सांगायचे की तुम्ही बराच वेळ मैदानाच्या कडेला उभे होतात, काठी आडवी धरून, मागे अख्खा कळप. एक खुंट उपटला असता तर सामना तिथंच संपला असता. तुम्ही उपटला नाहीत. पावणं, पाच मिनिटं थांबा, असं सरांनी म्हटल्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत.

मंचरच्या जोडीला एकच गुण हवा आहे. ती मागून जीव तोडून मारते, आणि समोरून फूल उंच, सावकाश, माझ्याकडे येतं. मी हात उचलतो. फूल वाघरीत अडकून खाली घसरतं.

तुम्ही पुढे आलात, गाठी सोडायला लागलात, आणि विचारलंत, "हरलास?" सर ऐकत होते, मंचरची पोरं ऐकत होती. मी म्हणालो, "तुमाला बघितलं, आबा. मुद्दाम सोडलं."

तुमचे हात गाठीवर थांबले. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तसा तो पहिल्यांदाच ठेवला होतात. मागे ती उभी होती. तिनं फूल उचललं, पिसं नीट केली आणि हळूच म्हणाली, "माजीबी मॅच व्हती ती. मला इचारायचं तरी." पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती.

पुढच्या बाजाराला तुम्ही बेल्ह्यात आपला थोरला मेंढा विकलात आणि जुन्नरहून माझ्यासाठी नवी रॅकेट आणलीत. ज्याच्या रानात मेंढरं बसवायचात त्याला सांगायचात, माज्या पोरानं मेंढरांपायी मॅच सोडली राव. शेवटच्या आजारपणात डॉक्टरलाही सांगितलंत. मी शेजारी उभा होतो, खाली मान घालून. डॉक्टरला तो माझा विनय वाटला. पुढे मी मास्तर झालो. दर वर्षी सातवीला कविता शिकवून झाली की हीच गोष्ट सांगायचो. शाळेतल्या कवितांचं वेड मला पहिल्यापासून, म्हणून गोष्टीतही भर घालत गेलो. तांबडं आभाळ, कोकरांचं ओरडणं, बापाचे ओले डोळे. एकदा एक मुलगी रडली होती. भर घालता घालता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आबा, मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं. फूल वर आलं तेव्हा लांडगा आठवला नाही, मेंढरं आठवली नाहीत, दिलेला शब्द आठवला नाही. सगळे माझ्याकडे बघतायत एवढंच कळत होतं, आणि मी घाबरलो. मान वळवली ती फूल पडल्यावर, तेव्हा तुम्ही दिसलात. मग ते वाक्य तोंडातून कसं आलं कोण जाणे, पण आलं सफाईनं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे कागद तुमच्यासमोर बसून मलाच वाचावे लागले असते. खरं सांगू? तुम्ही समोर असतात आणि डोक्यावर हात ठेवताना बघितलंत तसंच बघत असतात, तर मी अजूनही जुनीच गोष्ट वाचली असती.