डोंगराच्या अलीकडे

दादा,

या वेळी साष्टांग नमस्कार लिहीत नाही.

तुझं रेडिओ केंद्र डोंगराच्या अलीकडे, आपल्या गावात लागत नाही, असं तू बायकोपासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगतोस. दिवसा नाहीच लागत. पण दिवस मावळला की लागतं, खरखरत का होईना. माळ्याच्या खिडकीतून मी तार बाहेर काढली आहे. आई रोज रेडिओ उशाशी घेते आणि तुझा कार्यक्रम संपेपर्यंत कुणाला बोलू देत नाही.

परवा तू श्रोत्यांना आईच्या आठवणी सांगितल्यास. ती कशी गेली, शेवटचं पाणी तू कसं पाजलंस, सगळं गळा दाटून सांगितलंस. कितीतरी वर्षांत तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. पाणी मी पाजतो, आणि ती अजून पिते आहे.

माझी बायको रेडिओ बंद करायला उठली. आई म्हणाली, "राहू दे गं. बोलतो मात्र छान."

देवापुढे रोज तुझं नाव घेतो. त्या संध्याकाळी जीभ वळली नाही, म्हणून लिहायला बसलो. आईने विचारलं, "कुणाला रे?" मी सांगितलं.

"धाडू नकोस. इथवर ऐकू येतं हे कळलं तर लाजेल आणि बोलणंच बंद करेल. मग मी काय ऐकू?"

म्हणून हे पत्र रेडिओखालीच राहील. ती खरोखर जाईल तेव्हाही तुला कळवणार नाही. तू तर रडून मोकळा झाला आहेस.

अजून आई असलेला,
तुझा धाकटा भाऊ