अठरा सेकंदांची फिल्म

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय चित्रपट-संकलन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर इतके खरे लिहिले नसते.

१. संकलनाचे टेबल, दोन्ही कात्र्या व भिंग फिल्म-शाळेला द्यावे. टेबल जड आहे, उचलायला चौघे लागतील.

२. लष्कराचे राज्य असताना माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, गिरणीच्या फाटकावरच्या गोळीबारावर चोरून सिनेमा केला. कॅमेऱ्यासमोर बोलायला एकच साक्षीदार तयार झाला: माझा नवरा, त्याच गिरणीतला फिटर. सगळे सांगून झाल्यावर तो ओशाळे हसला. "दादा, एवढं माझं तोंड दाखवू नका हं. पोरगी लहान आहे."

"काळजीच सोडा," दादा म्हणाला. कॅमेरा अजून चालूच होता.

मी चेहऱ्याच्या जागी नवऱ्याच्या हातांची दृश्ये लावून प्रत तयार केली. दादाने ती अर्धवटच पाहिली. "हात बघून परदेशात कोण रडणार? चेहरा लाव." मी लावला. कात्री माझ्या हातात होती, हे येथे नमूद करते.

सिनेमा बाहेर गाजला. दादा तिकडे बक्षीस घेत होता, तेव्हा इकडे कॅप्टन आमच्या दारात उभा राहिला. हातात सिनेमातूनच काढलेला फोटो. "हा तूच ना?" नवरा जेवता जेवता उठला. हात धुऊ का, म्हणून त्याने विचारले. धुऊ दिले नाहीत. प्रेतही मिळाले नाही.

३. राजवट पडल्यावर दादा परत आला, त्याने गळ्यात हार घालून घेतले आणि सिनेमा 'माझ्या शूर मेहुण्यास' अर्पण केला. नवऱ्याची ती विनंती आणि दादाचे उत्तर, अशी अठरा सेकंदांची फिल्म बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ती दादाला देते. सिनेमा पुन्हा लागणार आहे; त्याच्या सुरुवातीला ती जोडावी. न जोडल्यास वकिलांनी आपल्याकडची प्रत वर्तमानपत्रांना द्यावी.

४. राहते घर मुलीला. ती दादाच्या कंपनीत नोकरी करते. मला म्हणते, "आई, मामाने बाबांना अमर केलं. तू काय केलंस?" मी काय केले ते कलम दोनमध्ये आहे. तिने ते अठरा सेकंद मामाच्या शेजारी बसून बघावेत. मध्येच उठल्यास घर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना जाईल. अट क्रूर आहे, असे वकिलांनी तीनदा समजावले. मी तिची आई आहे, मला कळते.

५. अंत्यविधीला दादाने यावे, मागे उभे राहावे. त्याला बोलू मात्र देऊ नये. तो फार सुंदर बोलतो, आणि मला कान झाकता येणार नाहीत.

वरील मजकूर वाचून पाहिला, एकही शब्द कापलेला नाही.

सही: लिहिणारी
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. शेजारचे निवृत्त हेडमास्तर
ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा